मी इंटिपेरु

"मी इंटिपेरु एंटंडी?" ओट्यावर बसलेल्या आजोबांनी विचारलं, आणि चौदा वर्षं हैदराबादेत काढूनही माझ्या कानानं त्यातला पेरूच आधी उचलला. तेलुगूत 'मी' म्हणजे 'तुमचं' आणि 'पेरु' म्हणजे नाव, हे मला पाठ आहे. भाजीवाल्याशी घासाघीस करण्याइतकी, लेकीच्या नाचाच्या क्लासबाहेर इतर आयांशी गप्पा मारण्याइतकी ही भाषा मला येते. पण बेसावध असताना कुणी 'मी पेरु' म्हटलं की क्षणभर माझ्यापुढे एक माणूस स्वतःला पेरू म्हणवून घेत उभा राहतो. (पेरूला ते 'जाम' म्हणतात. कोकणातल्या जामाचा त्याच्याशी काही संबंध नाही. असो.) इंटिपेरु म्हणजे घराचं नाव, आडनाव. मी सासरचं आडनाव सांगितलं. ते इथं लिहीत नाही, शेवटी 'कर' आहे एवढं पुरे. त्यांनी ते दोनदा तोंडात घोळवलं, त्यांना ते कुठंच बसवता येईना. मग पुढचा प्रश्न आला, "ऊरु?" म्हणजे गाव. गाव आडनावातच आहे, असं मी माझ्या मोडक्या तेलुगूत समजावलं. ते खूश झाले. "म्हणजे आमच्यासारखंच," म्हणाले, "आमच्याकडेही कितीतरी घरांची नावं गावांवरून आहेत. कसं आहे तुमचं गाव?"

मी म्हटलं, पाहिलं नाही.

तेवढ्यावर भागलं, कारण तेवढ्यात माझी लेक चपला काढून ओट्यावर चढली आणि त्यांचं लक्ष तिच्याकडे गेलं. पण परवा तिच्या रंगप्रवेशमच्या, म्हणजे रंगमंचावरच्या पहिल्या पूर्ण कार्यक्रमाच्या, पत्रिकेचा मजकूर लिहायला बसले, आणि आईचं नाव लिहिताना हात थांबला. तो संक्रांतीनंतरचा सकाळचा ओटा, तो प्रश्न आणि विचार न करता दिलेलं ते उत्तर पुन्हा समोर आलं.

गाव कुचिपुडी. नाचाचं नाव सगळ्यांना माहीत असतं, गावाचं भान फारसं कुणाला नसतं. मलाही नव्हतं. भरतनाट्यमसारखाच तोही एक शब्द, अशी माझी समजूत होती. लेकीच्या गुरूंनी फर्मान काढलं की रंगप्रवेशमच्या आधी प्रत्येक मुलीनं गावी जाऊन बालात्रिपुरसुंदरीच्या देवळात डोकं टेकवून यायचं. म्हणून विजयवाड्याला उतरून गाडी केली. शहर मागं पडलं आणि जमीन अशी सपाट झाली की सातारच्या माणसाला कासावीस व्हावं. डोळा टेकवायला डोंगर म्हणून नाही. भात निघून गेलेलं, त्याच्या खुंटांमधून उडीद वर आलेला, काळ्या मातीवर गुडघ्याएवढी हिरवाई. रस्त्याच्या कडेनं कालवा, कालव्याच्या कडेनं ताड, आणि कालव्यात गाडीसोबत चाललेलं गढूळ, निवांत पाणी. पामर्रु मागं टाकलं तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, हे सगळं कृष्णेचं पाणी, प्रकाशम बॅरेजवरून येतं. मी खिडकीबाहेर नव्यानं पाहिलं. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर ज्या पाण्यात पाय सोडून माझं लग्न ठरलं, ते इथं येऊन इतकं आडदांड पसरतं, इतकं मऊ होतं, हे भूगोलाच्या पुस्तकात होतंच की. पण पुस्तकातली नदी कायम निळ्या रेघेची.

गावात शिरल्यावर आधी दिसला तो सिद्धेंद्र योगींच्या नावाचा फलक आणि नाचाची शाळा. पण मुख्य रस्ता सोडून आत वळलं की ते अगदी साधं खेडं आहे. दारोदार संक्रांतीचे मुग्गु, म्हणजे रांगोळ्या, अर्धवट पुसलेल्या. त्यांच्यावर शेणाचे गोळे, भोपळ्याची सुकलेली फुलं खोचलेले. ज्वारीचं पीठ भाजावं तसा उन्हाचा वास. कुठल्याशा घरातून कुणीतरी तालाला काठी आपटत होतं, "तै-हत्त-तै-ही", आणि एका पोराचा पाय चुकत होता. काठी थांबायची, परत सुरू व्हायची. ज्या ओट्यावर आम्ही बसलो त्याला ते 'अरुगु' म्हणतात. गुळगुळीत, गार, पाठ टेकायला खांब. आमच्याकडे वाडे पडले तसे ओटे गेले, इथं अजून दोन-चार शिल्लक आहेत.

आजोबांनी आम्हाला गाव सांगितलं ते घरांच्या नावांनी. हे असं मी कधी ऐकलं नव्हतं. आपण सांगताना म्हणतो, तिकडे देऊळ, इकडे पार, पलीकडे ओढा. त्यांनी हात फिरवला आणि म्हणाले, ते वेदांतम, त्यामागं वेंपटि, इकडे चिंता, पसुमर्ति, भागवतुल, महांकाळि, दर्भा, जोस्युल, वल्लभजोस्युल, येलेश्वरपु. जणू गावात माणसं राहतच नाहीत, आडनावं राहतात. आणि एका अर्थी ते खरंच आहे. १६७८ साली गोवळकोंड्याचा अबुल हसन कुतुबशाह, म्हणजे तानाशाह, मच्छलीपट्टणच्या वाटेवर होता. या भागवतांचा, म्हणजे नाचून-गाऊन पुराणं सादर करणाऱ्या ब्राह्मणांचा, खेळ त्यानं पाहिला आणि हे गावच त्यांना अग्रहार, म्हणजे ब्राह्मणांचं इनाम गाव, म्हणून देऊन टाकलं, असं गाव सांगतं. मराठी माणसाला १६७८ म्हटलं की लगेच आदलं साल आठवतं, कारण १६७७ मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेत उतरताना याच तानाशाहाच्या भागानगरात मुक्काम करून गेले. अक्कण्णा-मादण्णा आपल्याला शाळेपासून ओळखीचे. त्या दरबाराचा आणखी एक दरवाजा इकडे शेताडीत उघडत होता, नाचणाऱ्या ब्राह्मणांच्या अंगणात, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. पुढं इनाम आलं की भांडण आलंच. वाटणीवरून वाद झाले आणि १७६३ च्या कागदात हक्काची घरं लिहिली गेली, पंधरा आडनावं. आजही कुचिपुडीचा 'खरा' कोण, यावर बोलणं निघालं की माणसं त्या पंधरांवर येऊन थांबतात.

सनदेच्याही आधीची एक गोष्ट आजोबांच्या खास आवडीची. ती माचुपल्लीच्या कैफियतीतली, म्हणजे त्या गावाच्या जुन्या बखरवजा नोंदीतली. सिद्धवटमचा एक सरदार, सम्मेट गुरवराजू, वसुलीसाठी बायकांचे हाल करायचा. हे भागवत तिथून जात होते, त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. पुढं विजयनगरच्या राजासमोर खेळ करायची वेळ आली तेव्हा त्यांनी पुराण बाजूला ठेवलं आणि तोच प्रकार सोंग घेऊन दाखवला. एक जण सरदार झाला, एक जण त्याचा शिपाई, एक जण ती बाई. राजाला कळायचं ते कळलं, सरदाराचा निकाल लागला. आजोबा हे सांगताना हातानं मशाल धरल्याचा आव आणून तिच्यावर चिमटीनं काहीतरी फेकत होते. गुग्गिलम, म्हणाले. मी ओळखलं, राळ! दशावतारात राक्षस येताना जी उडते तीच. कोकणात आणि कृष्णेच्या मुखाशी, दोन्हीकडे रात्रीच्या अंधारात पात्र आलं की तोच भपकन जाळ, तोच खोकला आणणारा वास. 'राळ उडवणे' हा वाक्प्रचार आपण निवडणुकीच्या बातम्यांत घालवून टाकला, पण सम्मेट गुरवराजूवर उडाली ती खरी राळ.

त्या गोष्टीतली छळ सोसणारी बाई पुरुषानंच केली होती, हे मला घरी आल्यावर सुचलं.

सिद्धेंद्र योगींची आख्यायिका गावात कुणालाही विचारा. लहानपणी लग्न झालेलं, सासर नदीपलीकडे. मोठेपणी बोलावणं आलं म्हणून निघाले, मधे पूर. बुडायची वेळ आली तेव्हा कृष्णाला म्हणाले, वाचव, संन्यास घेतो. वाचले, बायको पलीकडच्या काठावर राहिली. तिचं पुढं काय झालं हे आख्यायिकेत नाही. आख्यायिकांना अशा बायकांचं काही पडलेलं नसतं. या माणसानं मग सत्यभामेवर रचना केली, भामाकलापम्. मानी, हट्टी, नवऱ्यावर रुसलेली, विरहानं पोळलेली सत्यभामा. बायकोला भेटायला निघून संन्यासी होऊन परतलेल्याला हीच बाई सुचावी, यात मला तरी काहीतरी वाटतं. त्यांनी हा खेळ गावातल्या ब्राह्मण मुलांना शिकवला आणि वचन घेतलं की या घरांत जन्मलेल्या प्रत्येक मुलानं आयुष्यात एकदा तरी सत्यभामेचा वेष चढवायचा. एकदा तरी. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या या गावात असं एक घर नव्हतं जिथला पुरुष कधी ना कधी सत्यभामा झाला नव्हता. आणि असंही एक घर नव्हतं जिथली बाई झाली होती.

यातल्या सगळ्यात मोठ्या सत्यभामेला आजोबांनी नुसतं 'सत्यम' म्हटलं. वेदांतम सत्यनारायण शर्मा. १९६१ ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७० ला पद्मश्री, पण हे मी नंतर वाचलं. आजोबांना आठवत होती ती त्यांची वेणी. भामाकलापममध्ये सत्यभामा येते ती आधी पडद्याआड. पडद्यावरून फक्त तिची लांब, सोन्याच्या पानांनी मढवलेली वेणी बाहेर टाकली जाते, प्रेक्षकांसमोर. माझ्यापेक्षा सरस कुणी असेल तर त्यानं ही कापावी, असं आव्हान. "ती वेणी पडली," आजोबा म्हणाले, "की पुढल्या रांगेतल्या बायका पदर सावरून बसायच्या." मला माझी आजी आठवली. सांगलीला तिनं बालगंधर्व पाहिले होते. उतारवयातले, जाड झालेले, तरी ती म्हणायची, शालू नेसावा तो नारायणरावांनी. ती कौतुकानं म्हणायची आणि मला लहानपणी ते ऐकून बरं वाटायचं. आता त्यात थोडं काहीतरी रुततं. आजी स्वतः फार सुंदर गायची, न्हाणीघरात. शालू नेसून बाहेर बसून गायचा प्रश्न तिच्या मनाला कधी शिवलाही नसेल.

त्या पंधरा घरांपैकी ज्यांनी गाव सोडलं त्यांनी नाच जगवला, असं म्हटलं तर गावात कुणी रागावेल. पण मला तसंच वाटतं. वेंपटि घराण्यात दोन सत्यम, पेद्द आणि चिन्न, थोरला आणि धाकटा. थोरला मद्रासला सिनेमात नृत्य बसवायला गेला, धाकटाही मागोमाग. वेदांतम राघवय्या तर दिग्दर्शक झाले आणि १९५३ चा 'देवदासु' त्यांनी केला. धाकट्यानं, म्हणजे वेंपटि चिन्न सत्यम यांनी, १९६३ साली मद्रासला अकादमी काढली आणि जी मुलगी शिकायला येईल तिला शिकवलं. बायकांना शिकवायची सुरुवात त्यांच्याही आधी वेदांतम लक्ष्मीनारायण शास्त्रींनी केली होती. गावात त्यावर काय काय बोललं गेलं असेल याचा अंदाज कुठल्याही मराठी खेड्यात वाढलेल्याला करता येईल. आज नाचतात त्या बहुतेक मुलीच. हैदराबादला २०१० मध्ये एका मैदानावर अडीच हजारांहून जास्त नर्तक एकत्र नाचले तेव्हा त्यांत मुलगे शोधावे लागले असतील. चिन्न सत्यम आणि सत्यनारायण शर्मा दोघेही २०१२ सालीच गेले. एकानं सत्यभामा बायकांच्या हाती दिली, दुसरा शेवटपर्यंत स्वतः सत्यभामा राहिला, आणि दोघांबद्दलही आजोबा सारख्याच मायेनं बोलत होते. यादीबाहेरच्यांबद्दल मात्र ते बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. गोदावरीकाठच्या कलावंतुलू, म्हणजे देवदासी परंपरेतल्या, बायका आपल्या पद्धतीनं हेच भामाकलापम् करत. ब्राह्मण पुरुषानं सत्यभामा केली तर ती भक्ती, त्यांनी केली तर बदनामी. १९४७ च्या मद्रासच्या देवदासीविरोधी कायद्यानंतर तर त्यांना उघड नाचणंच मुश्कील झालं. माझी लेक आज जे सन्मानानं शिकते त्यात त्यांच्याकडून काढून घेतलेलं किती आहे, हा विचार मी दर महिन्याला फी भरताना करते असं नाही. पण कधीकधी येतो.

"काय येतं तुला?" आजोबांनी लेकीला विचारलं. ती लाजत म्हणाली, प्रवेश दरुवु, म्हणजे सत्यभामेच्या प्रवेशाचं गाणं, "भामने सत्यभामने". (इथंही गंमत आहे. तेलुगूत 'ने' म्हणजे मी. त्यांचा 'मी' तुमचा आणि 'ने' मात्र मी.) अंगणात मुग्गु वाचवत तिनं जेमतेम चार ओळी करून दाखवल्या, जीन्स आणि कुर्त्यावर, खांद्यावरून पुढे घ्यायला वेणीही नव्हती, पोनीटेल होती. आजोबा गात होते, आवाज कापरा पण ताल पक्का. मान थोडी अजून, अजून, माज दिसला पाहिजे, असं बोटानं दाखवत होते. मग त्यांनाच हुरूप आला आणि ते पत्राच्या प्रसंगावर गेले. सत्यभामा विरहात आहे, कृष्णाला निरोप धाडायचाय. सखी माधवी विचारते, कुणाला द्यायचा, नवऱ्याचं नाव काय? आणि जिनं आत्ता सगळ्या जगाला वेणीचं आव्हान दिलं तीच बाई अवघडते. नवऱ्याचं नाव कसं घेऊ? "सिग्गायेनोयम्मा", लाज वाटते गं बाई. आजोबा 'सिग्गायेनोयम्मा'पर्यंत आले आणि अडकले. पुढची ओळ आठवेना. डोळे मिटले, मांडीवर ताल चालू, ओळ नाही.

आतून, दाराच्या चौकटीपलीकडून, एका बाईच्या आवाजात ती ओळ आली.

कुणी मोठ्यानं गायली नाही. भाजी निवडता निवडता सांगावी तशी. आजोबांनी ती घेतली, न थांबता पुढे गेले. मी वळून पाहिलं तर उंबऱ्याच्या आत पाट घेऊन बामम्मगारु, म्हणजे आजीबाई, बसल्या होत्या, पुढ्यात ताटात शेवग्याच्या शेंगा. पुढं दोनदा आणखी तसंच झालं. ते अडले, आतून शब्द आला, ते चालू लागले. दोघांनाही त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मी नंतर जवळ जाऊन बसले, विचारलं, तुम्ही शिकलात? त्या हसल्या. छे, म्हणाल्या, आमच्यात बायका कुठं शिकायच्या? सासरे मुलांना शिकवायचे ना या ओट्यावर, पहाटे चारला. आत चूल पेटवताना कानावर पडायचं. मग मुलांनी चुकवलं की मला कळायचं. तुम्ही सांगायचात का? "कशाला?" त्या म्हणाल्या, आणि शेंगेची शीर ओढून काढली. मी त्यांना आमच्या उखाण्यांबद्दल सांगितलं, की आमच्याकडेही नाव घ्यायला लाजायचं असतं, पण यमक जुळवून चारचौघींत घ्यायलाही लावतात. त्यांना ते फार पटलं. एक म्हणून दाखव म्हणाल्या. मी म्हटला. अर्थ विचारला नाही, पण नाव कुठं आलं ते बरोबर ओळखलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

परतीच्या वाटेवर कालव्याच्या पाण्याकडे पाहताना मला सासऱ्यांचं बोलणं आठवत होतं. आमच्या आडनावातलं गाव कोयनेच्या धरणात गेलं. घरं उठली, माणसं कुठं कुठं पांगली, आमची शाखा आधीच कऱ्हाडात होती म्हणून वाचली. सासरे सांगायचे, कडक उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की देवळाचे दगड वर येतात. दोनदा जायचं ठरलं, दोन्ही वेळा राहिलं. गंमत अशी की कृष्णेच्या या पाण्यात आपल्या बुडालेल्या गावाचं पाणी शोधावं म्हटलं तरी तेही धड नाही. कोयनेचं बहुतेक पाणी वीज करून पश्चिमेला उतरतं, वासिष्ठीवाटे चिपळूणकडून समुद्रात जातं. उरलेलं तेवढं कऱ्हाडला कृष्णेला मिळतं. तेव्हा ज्या गावाच्या नावानं मी परक्या ओट्यावर स्वतःची ओळख दिली, ते मी पाहिलेलं नाही, ते आता कुणालाच धड दिसत नाही, आणि लग्नापूर्वी बावीस वर्षं त्याच्याशी माझा काडीचा संबंध नव्हता. तरी विचारल्याबरोबर तेच तोंडातून आलं. दुसरं एक आडनाव माझ्याजवळ होतं हे त्या क्षणी आठवलंसुद्धा नाही.

निघताना बामम्मगारुंनी मला आत बोलावलं. देवघराशी उभं करून बोट बुडवून कुंकू लावलं, पायाला हळद, हातात दोन केळी, विडा आणि रविकेचं कापड. लेकीलाही तसंच. मग माझी हनुवटी धरून, अगदी आजी विचारेल तसं, त्यांनी तो प्रश्न विचारला जो बाहेर कुणी विचारला नव्हता. "मी पुट्टिंटिपेरु?" पुट्टिल्लु म्हणजे जन्माचं घर. माहेर. या वेळी पेरू ऐकू आला नाही.

"जोशी," मी म्हटलं.

त्यांनी डोळे बारीक केले. जोशी, जोशी, करत ओठ हलवले. मग एकदम चेहरा उजळला, माझा हात तसाच धरून त्या दारापर्यंत आल्या आणि ज्यांचं नाव त्यांनी साठ वर्षांत एकदाही घेतलं नसेल त्यांना बाहेर ओट्यावर हाक मारली, "एवंडी! जोस्युलवारटंडी!" अहो, या जोस्युलांच्या म्हणे!

आजोबा खांबाला धरून उठत होते, मला नीट पाहायला.